फ्रिजच्या दारातल्या बाटल्या

आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचांच्या वर, झाकणाचा एक बारका कप्पा आहे. फ्रिज बनवणाऱ्याने तो लोण्यासाठी केला असावा. आमच्याकडे त्यात लोणी कधी गेलंच नाही. तिथे डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्या असतात. २०२४च्या मार्चमध्ये मी तो कप्पा ओट्यावर उपडा केला तेव्हा अकरा बाटल्या निघाल्या. तीन रिकाम्या, चार अर्ध्या, दोन लेबलं पुसट झालेल्या, एक सासऱ्यांची मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची आणि एक सीलसुद्धा न तोडलेली. दोन वर्षांचा आमचा अडाणीपणा त्यात भरून ठेवलेला होता, पाच-पाच मिलिलिटरने.

डोळे चिरंजीवांचे. आता दहा वर्षांचे आहेत, त्रास सहाव्या वर्षी सुरू झाला. होळीच्या आसपास खाज सुटायची, पावसात जरा दम धरायची आणि ऑक्टोबरात रस्त्याकडेच्या सप्तपर्णीला फुलं आली की पुन्हा सुरू. पुढे पुढे तर ऋतूंचंही बंधन राहिलं नाही. सकाळी उठला की डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरट चिकट काहीतरी दिसायचं. ते चिमटीत धरून ओढलं की तुटायचं नाही, तार यायची. गुलाबजामचा पाक एकतारी झाला का बघताना बोटांमध्ये येते ना, तशी. उन्हात डोळे उघडायचे नाहीत. आणि चोळणं! मुठींनी, मनगटाने, शर्टाच्या बाहीने, एकदा तर कंपासपेटीतल्या पट्टीच्या कडेने. 'चोळू नकोस' हे वाक्य त्या काळात आमच्या घरात 'जेवायला चला'पेक्षा जास्त वेळा बोललं गेलं असेल. कुत्र्याला पाळलं असतं तर तोही ते म्हणायला शिकला असता.

आम्ही मानपाड्याला राहतो, घोडबंदर रोडला लागून. बाल्कनीतून मेट्रोचे खांब, पत्र्याची बॅरिकेडं आणि न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर दिसतात. सकाळी पुसलेल्या कठड्यावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. त्यामुळे गुन्हेगार कोण हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं: रस्ता, मेट्रो आणि महापालिका. ठाण्यात राहून दुसऱ्या कुणावर संशय घ्यायची गरजच पडत नाही.

मराठीत या सगळ्याला एकच शब्द: डोळे आले. साथीने आले, कचरा जाऊन आले, ॲलर्जीने आले, आपण म्हणतो एकच. आणि 'आले' म्हटलं की लोक दोन पावलं मागे जातात. शाळेतून दोनदा त्याला घरी पाठवलं. बाईंचंही चुकलं नाही, लाल डोळ्यांचं मूल वर्गात कोण ठेवेल? पण ॲलर्जीचे लाल डोळे कुणालाही लागत नाहीत, आणि ओळखायला सोपे असतात. खाज हीच त्यांची मुख्य खूण. संसर्गात डोळा टोचतो, खुपतो, बऱ्याचदा आधी एक आणि मग दुसरा येतो. ॲलर्जीत दोन्ही डोळे एकदम खाजतात, आणि मूल चोळल्याशिवाय राहू शकत नाही. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

२०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, आठवत असेल. अर्धा वर्ग काळे चष्मे लावून बसलेला. त्या गर्दीत आमच्या चिरंजीवांचे नेहमीचे लाल डोळेही खपून गेले. मी खाली मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने वर न बघता एक बाटली ठेवली. "ताई, हे घाला, उद्या डोळे पांढरेशुभ्र."

आणि झाले की हो! दुसऱ्या दिवशी खरोखर पांढरेशुभ्र. खाज नाही, तार नाही, उन्हात बघतोय, हसतोय. दोन वर्षांत एवढा आराम कशानेच पडला नव्हता. मी त्या माणसाला मनातल्या मनात देव मानलं. पुढचे आठ महिने डोळे लाल झाले की तीच बाटली. चार दिवस घालायची, थांबायची, पुन्हा लाल झाले की पुन्हा घालायची. चिठ्ठी त्याने कधी मागितली नाही. माझ्याकडेही दाखवायला नव्हती. लेबलवरच्या बारीक अक्षरांत प्रतिजैविकाच्या शेजारी डेक्सामेथासोन असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. नुसतं वाचलं, दुसरं काय.

नौपाड्यातल्या डॉक्टरबाईंकडे गेलो ते चष्म्याचा नंबर काढायला. त्याच्या वर्गातल्या तिघांना चष्मा लागला होता आणि त्यालाही हवा होता. बाईंनी खोक्यासारख्या यंत्रासमोर त्याची हनुवटी टेकवली, आणि मग त्याची वरची पापणी कापसाच्या काडीवर उलटी केली. मला पडद्यावर दाखवलं. पापणीची आतली बाजू गुळगुळीत गुलाबी असायला हवी. इथे भिजवलेला साबुदाणा पसरून ठेवावा तसे दाणे होते, एकाला एक चिकटून. दर मिनिटाला कितीतरी वेळा ती पापणी त्या दाण्यांसकट बुबुळावरून फिरत होती. माझ्या स्वतःच्या डोळ्यात पाणी आलं.

मग त्यांनी डोळ्यातला दाब मोजला. साधारण दहा ते एकवीसच्या मध्ये असावा लागतो. त्याचा अठ्ठावीस.

"आई, घरी काय घालताय?" डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तोंडी 'आई' ऐकलं की आपण आपोआप शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहतो. मी पर्समधली बाटली काढून दिली. त्यांनी लेबल वाचलं, बाटली टेबलावर ठेवली आणि काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डेक्सामेथासोन म्हणजे स्टिरॉइड. डोळ्यात काही आठवडे सतत घातलं की साधारण तिघांतल्या एकाचा दाब थोडाफार वाढतो, वीसातल्या एखाद्याचा बराच. मुलांमध्ये हे लवकर घडतं. वाढलेला दाब दुखत नाही, दिसत नाही, नजरेची शीर मात्र हळूहळू मारत राहतो. मोतीबिंदूही होऊ शकतो, दहाव्या वर्षी. आमचं नशीब म्हणून वेळेत कळलं. औषध बाईंच्या देखरेखीखाली बंद झालं आणि दाब काही आठवड्यांत खाली आला. चष्मा लागलाच नाही, याचं चिरंजीवांना आजही दुःख आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी तो कप्पा ओट्यावर उपडा केला. पुढच्या खेपेला अकराच्या अकरा बाटल्या पिशवीत घालून बाईंकडे नेल्या. त्यांनी पत्त्यांसारख्या त्या टेबलावर तीन-चार ढिगांत लावल्या, आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण 'डोळ्यात घालायचं औषध' म्हणतो ते एक औषध नाहीच.

मी विचारलं, "यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?" त्यांनी मला उलटं विचारलं, "तुमच्याकडे पावसात पाणी तुंबतं का?" घोडबंदर रोडच्या बाईला हा प्रश्न!

तर त्यांचा हिशेब असा. डोळ्याच्या पातळ आवरणात काही पेशी हिस्टामिनच्या पोतड्या घेऊन बसलेल्या असतात. ॲलर्जीचा कण आला की पोतडी फुटते, हिस्टामिन सांडतं, आणि मग खाज, लाली, पाणी. पहिल्या ढिगातली सोडियम क्रोमोग्लायकेटची बाटली म्हणजे मेमधली नालेसफाई. पोतडी फुटूच देत नाही, पण आधीपासून घालावी लागते, दिवसातून चार वेळा, आणि गुण यायला आठवडा-दोन आठवडे. पाणी तुंबल्यावर नालेसफाई करून काय उपयोग? सील न तोडलेली बाटली हीच होती. कुणीतरी एकदा लिहून दिली होती, 'चार वेळा' वाचून मी ठेवून दिली होती.

दुसऱ्या ढिगात पाणी उपसायचे पंप. सांडलेल्या हिस्टामिनला डोळ्याच्या दारातच अडवणारी औषधं. त्यातली नवी आहेत ती दोन्ही कामं करतात, उपसतातही आणि नालाही साफ ठेवतात. ओलोपाटाडिन, केटोटिफेन, बेपोटास्टिन, अल्काफ्टाडिन. नावं उच्चारताना तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं वाटतं. पण काही मिनिटांत खाज उतरते आणि दिवसातून एकदा किंवा दोनदाच घालावी लागतात. ओलोपाटाडिनचं ०.१ टक्क्याचं दोनदा, ०.२ टक्क्याचं एकदा. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईला 'एकदा' आणि 'चारदा' यातला फरक काय असतो, ते कुठल्याही शोधनिबंधात सापडणार नाही.

स्टिरॉइड म्हणजे तुंबलेल्या पाण्यात शॉक लागू नये म्हणून सगळ्या वस्तीची वीज तोडणं. कधीकधी तोडावीच लागते. पण कुणी तोडायची आणि पुन्हा कधी जोडायची हे माहीत असलेला माणूस खांबाखाली उभा हवा. बाईंनी हेही सांगितलं की लोटेप्रेडनोल नावाचं एक मवाळ स्टिरॉइड आहे. काम झालं की डोळ्यातच आपलं आपण मोडून पडावं अशा बेताने निकोलस बोडोर या रसायनतज्ज्ञाने ते घडवलं, १९९८ला अमेरिकेत मंजूर झालं. दाब वाढायची भीती त्यात कमी असते. "कमी म्हणजे नाही असं नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं, माझ्याकडे बघून.

उरल्या दोन बाटल्या, मेडिकलवाल्यांच्या लाडक्या. नॅफॅझोलिनवाल्या. रक्तवाहिन्या आवळतात, डोळा गोरा दिसतो, दोष आत तसाच. ओल काढायची नाही आणि वरून डिस्टेंपर मारायचा. अंगवळणी पडलं की सोडल्यावर लाली दुपटीने येते. यांच्यावर मी याहून जास्त शब्द खर्च करणार नाही.

क्रोमोग्लायकेटचा मात्र मला नंतर लळा लागला, त्याच्या जन्मकथेमुळे. भूमध्य समुद्राकाठी खेल्ला नावाची एक रानटी वनस्पती उगवते, तिच्या बियांचा काढा तिकडचे लोक पूर्वापार घेत. तिच्यातल्या द्रव्यावरून इंग्लंडमध्ये नवी संयुगं बनवायचं काम चाललं होतं आणि तिथे रॉजर अल्टुनियन नावाचा एक डॉक्टर होता, सीरियात जन्मलेला, स्वतः दमेकरी. त्याला गिनीपिगच्या केसांची ॲलर्जी. मग हा बाबा काय करायचा, त्या केसांचं पाणी हुंगून स्वतःला दमा उठवायचा आणि एकेक संयुग घेऊन बघायचा, दम्याला आवर बसतो का. अशी शेकडो. वर्षानुवर्षं. १९६५मध्ये क्रोमोग्लायकेट हाती लागलं. ते आधी दम्याचं औषध झालं, डोळ्यात गेलं ते मागाहून. असं मिळवलेलं औषध मी 'चार वेळा कोण घालणार' म्हणून लोण्याच्या कप्प्यात ठेवलं होतं.

त्या अल्टुनियनचं वारं मलाही लागलं. झालं असं की डोळे मलाही खाजतात. मुलाने ते आणले कुठून, याचं उत्तर सासूबाईंकडे तयारच असतं. ओलोपाटाडिन आणि केटोटिफेन यात सरस कुठलं यावर बाई काही केल्या बोट ठेवेनात, तेव्हा मी म्हटलं, मी एकेका डोळ्यात एकेक घालून बघू का? त्या हसल्या. म्हणाल्या, "बघा की. मोठ्या चाचण्याही अशाच झाल्यात." खरंच झाल्यात. माणसाच्या डोळ्यात मुद्दाम परागकणांचा थेंब घालतात, त्याआधी एका डोळ्यात एक औषध आणि दुसऱ्यात दुसरं घातलेलं असतं, आणि मग त्यालाच विचारतात, कुठला जास्त खाजतोय? एकाच चेहऱ्यावर दोन रोगी. तुलनेसाठी याहून सोयीचा अवयव देवाने दिलेला नाही. कानही दोन आहेत, पण ते एवढे बोलके नाहीत.

नवऱ्याने दोन्ही बाटल्यांना पांढरा कागद गुंडाळला आणि वर 'अ' आणि 'ब' लिहिलं. उजव्यात अ, डाव्यात ब, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर रोज दोन आकडे लिहायचे, शून्य ते चार. घरात याची फार चेष्टा झाली. सासरे रोज विचारायचे, "आज कोण पुढे?" चौदाव्या दिवशी बेरीज केली: नऊ दिवस अ सरस, तीन दिवस बरोबरी, दोन दिवस ब. अ म्हणजे ओलोपाटाडिन निघालं. मी जिंकल्यासारखी बाईंना फोनवर सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपता कुठल्या कुशीवर?"

डाव्या. डावा डोळा उशीत.

एवढ्यावर माझ्या संशोधनाचा निकाल लागला. नंतर मी कॉक्रेनचा, म्हणजे जगभरच्या औषधचाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, २०१५चा आढावा शोधून वाचला. तीस चाचण्या, ४३४४ माणसं. निष्कर्ष काय, तर या जातीची सगळीच औषधं नुसत्या पाण्यासारख्या थेंबांपेक्षा चांगली, निदान थोड्या काळापुरती. पण एकमेकांत लावून बघितलेले निकाल जपून घ्यावेत. माझ्या कॅलेंडरच्या मागच्या पानावरही फार वेगळं काही लिहिलेलं नव्हतं.

पण त्या उशीने माझी झोप उडवली. तोवर बाई कितीदा म्हणाल्या होत्या, धूळ वेगळी आणि धुळीतला किडा वेगळा. रस्त्याची धूळ डोळ्याला झोंबते, पण घरोघरी ॲलर्जी उठवतो तो डोळ्यांना न दिसणारा एक आठ पायांचा जीव. तो आपल्या कातडीचा कोंडा खातो आणि दमट हवेत, गादी-उशीत सुखाने नांदतो. ठाण्याच्या खाडीकाठच्या हवेइतकी त्याला मानवणारी हवा दुसरी कुठली? म्हणजे मी महापालिकेला शिव्या घालत होते आणि आरोपी चिरंजीवांच्या डोक्याखाली होता.

त्याची उशी कापसाची, वाईची. आणि पांघरायला सासूबाईंच्या आईने शिवलेली गोधडी, जुन्या लुगड्यांची, आत आणखी जुनी लुगडी. हे जीव मारायचे तर साठ अंशाच्या पाण्यात धुवावं लागतं. गोधडीला साठ अंश दाखवायचे? सासूबाई दोन दिवस माझ्याशी बेतासबात बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बंब पेटवावा तसा गीझर लावला आणि गोधडी बादलीत बुडवली. हिरव्याचा रंग पिवळ्यावर उतरला. आता ती माळ्यावर पिशवीत बांधलेली आहे. उशी मी टाकली, नवीला चेन लावायचं घट्ट विणीचं कव्हर घातलं. तेव्हापासून सकाळची तार कमी झाली, हे मी कागदावर लिहिलेलं नाही, पण शपथेवर सांगेन.

सासूबाईंचा स्वतःचा उपाय वेगळाच होता, तुमच्याही घरी असेल. पदराच्या टोकाचा गोळा करायचा, त्यात तोंडाने गरम वाफ भरायची आणि डोळ्यावर धरायचा. माझ्या आईनेही मला असंच केलं आहे आणि त्या उबेसारखं दुसरं काही नाही. पण ॲलर्जीच्या खाजेला ऊब चालत नाही, गारवा लागतो. उबेने रक्त धावतं, खाज वाढते. चोळण्याचंही तेच. चोळलं की पोतड्या आणखी फुटतात, म्हणून आणखी खाज. वर्षानुवर्षं चोळलं तर बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. हे सासूबाईंना कसं सांगायचं या विचारात मी होते, तेवढ्यात चिरंजीवच म्हणाले, "आजी, फुंकर नको, बर्फ दे." त्या उठल्या, फ्रिजरमधून दोन खडे काढले आणि पदराच्या टोकात बांधून त्याच्या डोळ्यावर धरले. पदर तो पदरच राहिला.

थेंब घालणं ही एक वेगळीच विद्या. आम्ही दोन-दोन घालायचो, 'एखादा बाहेर गेला तर' म्हणून. एक थेंब साधारण चाळीस मायक्रोलिटरचा आणि डोळ्याची वाटी तिसाची. म्हणजे पहिलाच पुरा मावत नाही, दुसरा सरळ गालावर. खालची पापणी ओढून खोबण करायची, एकच थेंब, मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबायचा, नाहीतर औषध नळीतून घशात जातं आणि "कडूऽऽ" अशी आरोळी येते. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. पाच मिलिलिटरच्या बाटलीत सव्वाशे थेंब. दोन डोळे, दोन वेळा, रोजचे चार. एकतीस दिवस. उघडल्यापासून महिन्याभरात बाटली टाकून द्यायची असते, म्हणजे हिशेब अगदी जमतो. चौदाव्या दिवशीच बाटली संपली तर घरात कुणीतरी दोन-दोन घालतंय. पन्नासाव्या दिवशीही हलवल्यावर आत खळखळ वाजली तर कुणीतरी खोटं बोलतंय. आमच्याकडे दोन्ही झालं आहे.

आता कप्प्यात तीनच बाटल्या असतात. ओलोपाटाडिन, डोळे धुवायचे साधे अश्रूंचे थेंब, आणि वाईट दिवसांसाठी बाईंनी दिलेली टॅक्रोलिमसच्या मलमाची नळी. तेही सूज दाबतं, पण दाब वाढवत नाही. पहिले काही दिवस झोंबतं, म्हणून चिरंजीव त्याला 'मिरची' म्हणतात. प्रत्येकीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायचं काम त्यांच्याकडे आहे. पापणीतला साबुदाणा बसला आहे, पुरता गेलेला नाही. बाई म्हणतात, बहुतेक मुलांचं हे दुखणं वयात येता येता ओसरतं. तोवर सांभाळायचं.

परवा दिवाळीच्या आवराआवरीत प्रवासाची बॅग झटकली, तर आतल्या खणातून ती बाटली निघाली, मेडिकलमधली, अर्धी भरलेली. डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न आहे कोल्हापुरात, आणि सप्तपर्णी फुलल्यापासून याचे डोळे पुन्हा गुलाबी आहेत. फोटो, व्हिडिओ, पाहुण्यांचं 'अगं बाई, डोळे आलेत का याचे?' बाटली हातात घेऊन मी चांगली दोन मिनिटं उभी होते. दोनच दिवस घातली तर? एक्स्पायरीची तारीखसुद्धा बघितली, खोटं कशाला बोलू. मग बेसिनवर उलटी धरून पिळायला लागले. फार वेळ लागला. ती जात येते थेंबाथेंबानेच.